दोन देश, एक पूल आणि ड्रायव्हर नसलेली गाडी

युरोपच्या पश्चिम टोकाला स्पेन आणि पोर्तुगाल हे दोन शेजारी देश आहेत. त्यांच्या उत्तरेकडच्या सरहद्दीवरून एक नदी वाहते. स्पेनचे लोक तिला मिन्यो म्हणतात आणि पोर्तुगालचे लोकही मिन्योच म्हणतात, फक्त लिहिताना अक्षरे वेगळी. नदीच्या उत्तर काठावर स्पेनचे तुई हे गाव आहे, दक्षिण काठावर पोर्तुगालचे व्हालेंसा. तुईच्या टेकडीवर जुने दगडी चर्च आहे. ते लांबून पाहिले तर किल्लाच वाटते. समोर व्हालेंसाला खरोखरचा किल्ला आहे, चांदणीच्या आकाराचा. एके काळी या किल्ल्यातल्या तोफांची तोंडे नदीपलीकडे वळलेली असत. आज त्याच तटाच्या आत टॉवेल, चादरी आणि टेबलक्लॉथची दुकाने आहेत, आणि समोरच्या देशातले लोक पूल ओलांडून तिथे खरेदीला येतात.

या गावांविषयी आपल्या साप्ताहिकात लिहावे असे वाटले, त्याला कारण आहे. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये युरोपीय संघाच्या मदतीने '५जी-मोबिक्स' नावाचा एक प्रकल्प सुरू झाला आणि तो २०२२ पर्यंत चालला. आपोआप चालणारी मोटार एका देशातून दुसऱ्या देशात जाताना तिचा मोबाइल नेटवर्कशी संबंध तुटू नये, याच्या चाचण्या या प्रकल्पात झाल्या. त्यासाठी दोन सरहद्दी निवडल्या होत्या. त्यातली एक ही तुई-व्हालेंसाची.

माझी भाची तिथून जवळच असलेल्या व्हिगो शहराच्या विद्यापीठात दूरसंचार अभियांत्रिकीचे पुढचे शिक्षण घेते. तिचे वडील, म्हणजे आमचे दाजी, सोलापूरचे. पंचवीस वर्षे मालट्रक चालवतात. सोलापूर-हैदराबाद ही त्यांची नेहमीची लाइन. बापाने हयात स्टिअरिंगवर काढली आणि लेक शिकायला गेली ती बिनड्रायव्हरच्या गाड्यांची विद्या. आमच्या घरात यावरून पुष्कळ थट्टा होते. पण थट्टेच्या खाली एक प्रश्न आहे, तो दाजी कधी बोलून दाखवतात, कधी नाही. २०२४ च्या मे महिन्यात मी रजा टाकून पंधरा दिवस भाचीकडे गेलो, तेव्हा तो प्रश्न माझ्याबरोबर होताच.

व्हिगो हे बंदराचे शहर. १९५८ पासून तिथे सित्रोएन मोटारींचा कारखाना आहे, त्यामुळे गावाला मोटारीची सवय जुनी. व्हिगोहून तुईला जाणारा महामार्ग डोंगरातून वळणे घेत उतरतो. वाटेत पोरिन्यो नावाचे गाव लागते. तिथे गुलाबी ग्रॅनाइटच्या खाणी आहेत. डोंगर कापून काढलेले चौकोनी ठोकळे ट्रकवर लादलेले दिसले. एका ट्रकवर एखाद-दुसराच ठोकळा, पण गाडीची पाटी पार दबलेली. मनात आले, दाजी असते तर वजन किती ते नुसते पाहून सांगितले असते. याच गावात गॅलिसिया प्रांताचे मोटार तंत्रज्ञान केंद्र आहे. सरहद्दीवर चाचणीला उतरलेल्या गाड्यांची तयारी तिथे झाली. साध्या चारचाकी मोटारी, फक्त त्यांना कॅमेरे, रडार, संगणक आणि मोबाइलचे यंत्र जोडलेले.

"मामा, एक लक्षात घ्या," बसमध्ये भाची म्हणाली. "गाडी नेटवर्कवरच चालते असं नाही. तिला स्वतःचे डोळे असतात. पण डोळ्यांना वळणापलीकडचं दिसत नाही. ते नेटवर्क सांगतं."

हे मला पटले. घाटात वळणापलीकडे गाडी बंद पडली असेल, तर ते कळायला आपल्याकडे काय साधन असते? रस्त्यावर ठेवलेले दगड आणि झाडाची फांदी. ती फांदी म्हणजेच संदेश. इथे तोच संदेश बंद पडलेली गाडी मोबाइल नेटवर्कवरून पाठवते आणि मागच्या गाडीला तो वळणाआधीच मिळतो. पुढे रस्त्याचे काम सुरू झाले असेल, पट्टा बदललेला असेल, तर नव्या नकाशाचा तेवढा तुकडा गाडीत येऊन पडतो. आणि गाडीला काही उमगेनासे झाले, समोर अडथळा आला, तर दूर कार्यालयात बसलेला माणूस पडद्यावर पाहून तिला हाकू शकतो. हे सगळे नेटवर्क सुरू आहे तोवर. सरहद्दीवर नेमके तेच अडते.

तुईला उतरून आम्ही पायी पुलाकडे गेलो. हा पूल १८८६ सालचा, संपूर्ण लोखंडी. पेलायो मान्सेबो या स्पॅनिश इंजिनिअरने त्याचा आराखडा केला. पॅरिसचा मनोरा बांधणाऱ्या आयफेलचा हा पूल, असे कुणी कुणी सांगतात, पण ते खरे नाही. पूल दुमजली आहे. वरून रेल्वे जाते, खालून मोटारी, आणि कडेला पायी चालणाऱ्यांसाठी अरुंद वाट. त्या वाटेने पाठीवर बोचकी घेतलेले कितीतरी लोक समोरून येत होते. पोर्तुगालहून स्पेनच्या सान्तियागो या तीर्थक्षेत्री पायी जाणारे ते यात्रेकरू. आपल्याकडची दिंडी आठवावी तसे, फक्त टाळ-मृदंग नाही आणि प्रत्येक जण आपापल्या चालीने चाललेला.

सरहद्द पुलाच्या मधोमध आहे. तिथे पोलीस नाही, नाका नाही, दांडा नाही. १९८५ साली लक्झेंबर्गच्या शेंगेन या खेड्यात झालेल्या करारात स्पेन आणि पोर्तुगाल पुढे सामील झाले आणि २६ मार्च १९९५ पासून इथली तपासणी उठली. माझ्या पासपोर्टवर एकच व्हिसा होता, तो दोन्ही देशांना चालला. मी एक पाय स्पेनमध्ये आणि एक पाय पोर्तुगालमध्ये ठेवून उभा राहिलो. सगळेच राहतात म्हणे.

सरहद्दीवर बदलते ते घड्याळ. स्पेनचे घड्याळ पोर्तुगालच्या एक तास पुढे आहे. वास्तविक पाहता दोन्ही काठांवर सूर्य एकाच वेळी उगवतो, पण १९४० साली फ्रँकोच्या राजवटीत स्पेनने आपले घड्याळ मध्य युरोपाला जुळवून घेतले आणि ते तसेच राहिले. त्यामुळे अकरा वाजता पुलावर पाऊल ठेवणारा माणूस पलीकडे दहा वाजून पाच मिनिटांनी उतरतो. माझ्यासारख्या मस्टरवर सही करणाऱ्या कारकुनाला ही गोष्ट फार आवडली.

पुलावरूनच भाचीने दाजींना व्हिडिओ कॉल लावला. सोलापुरात दुपार होती. दाजी घरीच होते. त्यांना नदी दाखवली, लोखंडी कमानी दाखवल्या, वरून जाणारी रेल्वे दाखवण्याचा योग आला नाही. बोलत बोलत आम्ही मधली रेघ ओलांडली, पूल उतरलो आणि व्हालेंसाच्या किल्ल्याची चढण चढू लागलो. कॉल व्यवस्थित सुरू होता. मी म्हणालो, "यात अडतंय कुठं?" भाची नुसती हसली. किल्ल्याच्या वेशीतून आत शिरून दोन गल्ल्या वळलो आणि दाजींचा चेहरा तोंड उघडे असतानाच गोठला. मग तोही गेला. पडद्यावर एक चाक गरगर फिरत राहिले. पुढे पोर्तुगालच्या कंपनीचे नाव उमटले, स्वागताचा एसएमएस आला, आणि त्यानंतर दाजी पुन्हा दिसू लागले.

"आता कळलं?" भाची म्हणाली. "रेघ पुलावर रंगवली आहे. पण फोनची सरहद्द इथं, या गल्लीत आहे. उद्या हवा बदलली की ती दुसऱ्या गल्लीत जाईल."

मग किल्ल्याच्या तटावर बसून तिने मला सगळे समजावून सांगितले. ते आपल्या शब्दांत सांगतो.

प्रत्येक सिमकार्डात एक लांब क्रमांक असतो आणि त्याचे पहिले तीन आकडे देशाचे असतात. स्पेनचे २१४, पोर्तुगालचे २६८, आपल्या भारताचे ४०४ आणि ४०५. स्पेनचे सिम असलेला फोन स्पेनच्या टॉवरला शेवटपर्यंत धरून ठेवतो. लहरींना नदी अडवत नाही, म्हणून पोर्तुगालमध्ये आल्यावरही बराच वेळ तो मागच्याच टॉवरशी बोलत असतो. आवाज क्षीण होत होत पार गेला, की मग तो जागा होतो. इथे दुसरे कोण आहे ते शोधतो. पोर्तुगालच्या कंपनीकडे नाव नोंदवायला जातो. ती कंपनी स्पेनच्या कंपनीला विचारते, हे गिऱ्हाईक तुमचेच ना, याचे पैसे तुम्ही भरणार ना? तिकडून होकार आला की नोंद होते. या सगळ्याला काही सेकंद लागतात, कधी त्याहून पुष्कळ जास्त. तेवढा वेळ फोन कुणाचाच नसतो.

एकाच कंपनीच्या दोन टॉवरमध्ये असे होत नाही. तिथे पहिला टॉवर दुसऱ्याला आधीच कळवतो की अमुक फोन तुझ्याकडे येतो आहे, जागा करून ठेव. आपण रेल्वेत बोलत असतो आणि वाटेत कितीतरी टॉवर बदलतात, ते आपल्याला कळतही नाही. अडचण आहे ती दोन कंपन्यांच्या आणि दोन देशांच्या मध्ये.

मी बी.कॉम. झालेला माणूस, म्हणून हिशेब करून पाहिला. दोन्ही देशांत महामार्गावर वेगाची मर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ मीटर. नेटवर्क अर्धा मिनिट गेले, तर गाडी १ किलोमीटर अंतर बाहेरची काही खबर नसताना गेली. फोनवर बोलणाऱ्या माणसाचे यात काही बिघडत नाही, तो "हॅलो, हॅलो" करतो आणि पुन्हा लावतो. दूर कार्यालयातून कुणी गाडी हाकत असेल आणि त्याचा पडदा गोठला, तर? अशा वेळी गाडीने आपली आपण वेग कमी करून कडेला थांबावे, अशी व्यवस्था तिच्यात ठेवलेली असते. पण प्रत्येक गाडी प्रत्येक सरहद्दीवर अशी कडेला थांबू लागली, तर १९९५ साली उठवलेला नाका पुन्हा उभा केल्यासारखेच झाले.

दुसरी एक भानगड आहे, ती मला आधी सुचली नव्हती. माझा भारतातला फोन त्या वेळी रोमिंगवर होता. मी व्हालेंसात बसून समोरच्या तुईचा नकाशा उघडला, तर माझी मागणी आधी भारतातल्या कंपनीकडे जाते, तिथून इंटरनेटवर बाहेर पडते आणि उत्तर पुन्हा भारतातून फिरून येते. नदीच्या पलीकडचे गाव पाहायला माझा फोन मुंबईला जाऊन येतो म्हणा ना! सरळ रेषेत धरले तरी एका वेळचे सुमारे ८,००० किलोमीटर. स्पेनच्या गाडीला इतका फेरा पडत नाही, पण पोर्तुगालच्या रस्त्यावर धावताना तिचेही बोलणे स्पेनमधून फिरून येते. आणि शेजारून पोर्तुगालच्या सिमची गाडी आपल्या पट्ट्यात शिरत असेल, तर दोन गाड्यांमध्ये अंतर पाच-सात मीटर, पण त्यांचा निरोप मात्र शेकडो किलोमीटरचा वळसा घेऊन पोचणार.

या सरहद्दीवर नेमके हेच करून पाहिले. महामार्गाच्या नव्या पुलाजवळ, जिथे एक रस्ता दुसऱ्याला येऊन मिळतो, तिथे आपोआप चालणारी मोटार इतर गाड्यांकडून आलेल्या माहितीवर आत शिरते का, ते तपासले. पुढच्या गाडीला मागे टाकण्याची चाचणी झाली. व्हिगो आणि पोर्तो या शहरांच्या दरम्यान धावणाऱ्या एका प्रवासी बसमधून कॅमेऱ्याची चित्रे अखंड पाठवून पाहिली. आणि आम्ही चाललो त्या जुन्या लोखंडी पुलावरून बिनड्रायव्हरची एक लहान विजेची बस नेली. वाटेत अडथळा आला की दुरून माणसाने ताबा घ्यायचा, अशी तिची योजना होती.

यातून काय निघाले? दोन देशांच्या कंपन्यांनी आपापली नेटवर्के थेट जोडली, एकीने दुसरीला आधीच कळवले की गाडी येते आहे, तर खंड सेकंदाच्या लहानशा अंशावर येतो. तसेच गाडीशी बोलणारा संगणक दूर राजधानीत न ठेवता सरहद्दीजवळ दोन्ही बाजूंना ठेवला आणि दोघांमध्ये सरळ तार टाकली, की निरोपाचा वळसा वाचतो. याचा अर्थ यंत्राला हे जमते. जमवायचे आहे ते माणसांना. आपल्या गिऱ्हाइकाची नोंद दुसऱ्याच्या हाती आगाऊ द्यायची, जोडणीच्या तारेचा खर्च कुणी करायचा ते ठरवायचे, बिघाड झाला तर रात्री दोन वाजता कुणी उठायचे ते ठरवायचे. सरहद्दीची गावे लहान. तिथे गिऱ्हाईक थोडे, म्हणून टॉवर बांधायलाही कंपन्या फार उत्सुक नसतात. शिवाय लहरींचे परवाने प्रत्येक देश वेगळे देतो आणि आपल्या लहरी शेजाऱ्याच्या अंगणात फार जाऊ नयेत याची काळजी घ्यावी लागते. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघात रोमिंगचा जादा आकार बंद झाला. बिलातली सरहद्द सरकारने एका कायद्याने पुसली. तारेतली सरहद्द मात्र राहिली, कारण तिचे बिल कुणाच्या घरी येत नाही! चाचणी संपली, तरी बहुतेक सरहद्दींवर साध्या ग्राहकाच्या फोनला ही सोय अजून मिळालेली नाही. व्हालेंसाच्या गल्लीत ते मी डोळ्यांनी पाहिले. युरोपीय संघ आता अशा मार्गांवर नेटवर्क उभारण्यासाठी अनुदान देतो, ते याच कारणाने.

आपल्याकडेही सोलापूरहून विजापूरला गेले की एके काळी रोमिंग लागायचे आणि लोक मिस्ड कॉलवर काम भागवायचे, हे अनेकांना आठवत असेल.

जुन्या पुलाच्या बाबतीत हीच गोष्ट शंभर वर्षांपूर्वी घडून गेली आहे. स्पेनच्या रुळांमधले अंतर १,६७२ मिलिमीटर होते. पोर्तुगालचे त्याहून काही मिलिमीटर कमी. दोघांनी आपापल्या देशाच्या फुटाने मोजले होते! फरक इतका थोडा, की गाड्या दोन्हीकडे चालत. पुढे १९५५ मध्ये दोघांनी मिळून १,६६८ हे माप ठरवले. पूल बांधल्यानंतर माप एक व्हायला जवळजवळ सत्तर वर्षे लागली.

आणि सगळी यंत्रे जमली, तरी सरहद्द परत येऊ शकते, तेही याच गावाने पाहिले आहे. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे स्पेन-पोर्तुगाल सरहद्द बंद झाली, ती १ जुलैला उघडली. पुढे २०२१ च्या जानेवारीअखेरीस पुन्हा बंद झाली, ती एप्रिल संपेपर्यंत. मिन्यो नदीवर आणखीही पूल आहेत. पण सुरुवातीला या पट्ट्यात ये-जा करायला मोकळी ठेवली ती एकटी तुई-व्हालेंसाची वाट. रोज सकाळी नदी ओलांडून कारखान्यात कामाला जाणारे कामगार दोन्ही काठांवर आहेत. ज्यांचे काम घरासमोरच्या पुलापलीकडे होते, त्यांना दूरचा वळसा घालून या एका नाक्यावर तासन्तास रांगेत उभे राहावे लागले. म्हणजे गाडीने सरहद्द न थांबता कशी ओलांडावी याचा प्रकल्प एकीकडे चालू होता, आणि त्याच वर्षांत माणूस मात्र त्याच पुलाच्या तोंडाशी थांबला होता. कामगाराच्या रांगेसाठी असा प्रकल्प कुणी काढला नाही, एवढे मी नोंदवून ठेवतो.

प्रकल्पाची दुसरी सरहद्द ग्रीस आणि तुर्कस्तान यांची. मी तिथे गेलेलो नाही, परंतु दाजींच्या दृष्टीने खरी ती. तिथेही मध्ये नदी आहे. ग्रीक तिला एव्ह्रोस म्हणतात, तुर्क मेरिच. इकडे किपी, तिकडे इप्साला. ही युरोपीय संघाची बाहेरची सरहद्द आहे, त्यामुळे कस्टम, पासपोर्ट आणि सैनिक सगळे आहे, आणि मालट्रकांच्या रांगा आहेत. तिथे एकामागे एक ट्रक जोडून चालवण्याची चाचणी झाली. पुढच्या ट्रकला दिसणारा रस्ता मागच्या ट्रकच्या ड्रायव्हरला पडद्यावर दिसतो. ट्रक नाक्यावर पोचण्याआधीच त्याची माहिती नाक्याला मिळावी आणि तपासणी लवकर उरकावी, असाही प्रयोग केला. इटलीच्या बोलोन्याहून ऑस्ट्रियातल्या ब्रेनर खिंडीतून जर्मनीच्या म्युनिकला जाणाऱ्या ६०० किलोमीटरच्या रस्त्यावर, तसेच फ्रान्स-जर्मनी-लक्झेंबर्ग या तीन देशांच्या कोपऱ्यात अशाच चाचण्या वेगळ्या प्रकल्पांत झाल्या. त्यात या लेखापुरते निराळे काही नाही.

संध्याकाळी व्हिगोला परतल्यावर दाजींना पुन्हा फोन लावला आणि ग्रीस-तुर्कस्तानचे सांगितले. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "पाव्हणं, गाडी आपली आपण चालंल, ते मान्य. पर नाक्यावर उतरून कागद कोण दाखवनार? सही कोण करनार? ताडपत्री सुटली तर दोरी कोण आवळनार?"

भाची म्हणाली, "पप्पा, त्यासाठी माणूस लागणारच."

"लागणार ना? मग त्याला पगार ड्रायव्हरचा देनार का क्लीनरचा?"

यावर ती गप्प बसली. मीही गप्प बसलो, कारण प्रश्न अचूक होता. दुरून गाडी हाकणारा माणूस म्हणजेही ड्रायव्हरच. तो ऊन-पावसात नसेल, ढाब्यावर बाजेवर झोपणार नाही, रात्री घरी जाईल. ही गोष्ट चांगलीच आहे. पण एक माणूस एकाच गाडीवर लक्ष ठेवणार की पाच गाड्यांवर? त्याचे कार्यालय स्पेनमध्ये असेल आणि गाडी पोर्तुगालमध्ये, तर अपघाताचा जबाब कुठल्या पोलिसांपुढे? जर्मनीने २०२१ मध्ये कायदा केला. त्याने ठरावीक भागात बिनड्रायव्हरच्या गाड्यांना वाट दिली, पण गाडीवर दुरून देखरेख करणारा माणूस हवाच असे सांगितले. तो जर्मनीचा कायदा. नदी ओलांडली की कायदाही बदलतो, आणि त्याची नोंद आगाऊ पुढे पाठवणारा टॉवर नाही.

मला सगळ्यात जास्त मोलाचे वाटले ते एक जुनेच आणि साधे कलम. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमाप्रमाणे मालट्रकच्या ड्रायव्हरने सलग साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटे विश्रांती घेतलीच पाहिजे, आणि दिवसाला साधारण ९ तासच गाडी चालवायची. गाडीत त्याची नोंद ठेवणारे यंत्र असते, मालकाला ते टाळता येत नाही. हे नियम सरहद्द ओलांडली तरी संपत नाहीत. नेटवर्क तुटते, घड्याळ बदलते, पण विश्रांतीचा हिशेब चालूच राहतो. अमलात कसूर होत असेल, तो भाग वेगळा. दुरून गाडी हाकणाऱ्या माणसालाही असेच कलम लागू होणार की नाही, हे त्या विषयातल्या लोकांनी टॉवरच्या आधी ठरवायला हवे, असे माझे मत आहे.

दाजींना ४५ मिनिटांचे सांगितले, तर त्यांचा विश्वासच बसेना. "मालक फोन नाही करत का, कुठवर आलास म्हणून?" असे दोनदा विचारले.

भाचीला आता पुढच्या अभ्यासासाठी तुई ते व्हालेंसा या वाटेवर स्पेनचे सिम आणि पोर्तुगालचे सिम असे दोन फोन घेऊन फिरायचे आहे. कुठल्या जागी कुठला फोन किती सेकंद मुका होतो, ते मांडून ठेवायचे. गाडीतून, बसमधून, पायी, असे वेगवेगळ्या वेळी. ते ऐकून दाजी म्हणाले, असली वही तर माझ्याकडं कवाची आहे. उमरगा सोडल्यावर हैदराबादपर्यंत फोन कुठे लागत नाही आणि कुठे नुसती कांडी दिसते पण आवाज जात नाही, ते त्यांनी क्लीनर पोराकडून लिहून घेतले आहे. घरचा फोन चुकू नये म्हणून. भाचीने त्या पानांचे फोटो मागवले. दोन दिवसांनी ते आले, बॉलपेनने लिहिलेले, मैलाच्या दगडांचे आकडे घालून. तिने ते संगणकात उतरवायला घेतले आणि मधेच मला विचारले, "मामा, हे 'पुलाखाली उजवीकडं लिंबाजवळ' म्हणजे नक्की कुठलं हो?"